पुलापलीकडचा कोरा भाग

सकाळी नऊ चाळीसला नकाशा पडद्यावर उघडला आणि पुलापलीकडचा सगळा भाग कोरा निघाला.

नकाशा भाचीने केला होता. मुख्य वाचनालयाच्या संगणक विभागात ती दोन वर्षं नोकरीला होती. वर्षभरात घरी गेलेल्या प्रत्येक पुस्तकाचा एक ठिपका, वाचकाच्या पत्त्यावर. अकराला समितीची बैठक होती आणि ठिपके नसतील ती शाखा बंद करायचं ठरलं होतं. पुलापलीकडची शाखा एकोणीस वर्षं तिची मावशी एकटी चालवत होती.

भाचीने मावशीला फोन केला. रोज परत आलेली पुस्तकं लावता लावता माझी कंबर मोडते, मावशी म्हणाली, आणि तुझा नकाशा म्हणतो कुणी वाचतच नाही?

भाचीने यादी पुन्हा चाळली. मुख्य इमारतीवर एक ठिपका होता. त्यावर बोट ठेवताच आकडा आला: चार हजार एकशे बारा पुस्तकं, एकाच कार्डावर. कार्ड पुलापलीकडच्या शाखेचं, कार्यालयीन वापराचं; पत्ता मात्र मुख्य इमारतीचा.

सव्वादहाला मावशी शाखेला कुलूप लावून थेट तिच्या टेबलाशी आली. पर्समधून तिने जाड वही काढली. पलीकडे सगळे भाडेकरू, तिने सांगितलं. घरमालक पत्त्याचा कागद देत नाहीत आणि कागदाशिवाय कार्ड मिळत नाही. म्हणून सगळ्यांची पुस्तकं तिने कार्यालयाच्या कार्डावर चढवली होती. खरं नाव, गल्ली, तारीख वहीत. एवढ्या वर्षांत फक्त अकरा पुस्तकं परत आली नव्हती.

"मावशी, हे बाहेर आलं तर तुझी नोकरी जाईल."

"शाखाच गेली तर नोकरी कुठे करू? तू ठिपके टाक. घर दाखवू नकोस, गल्लीपुरतं ठेव."

मावशी वाचत गेली, भाची टाकत गेली. मावशीचं लक्ष सारखं घड्याळाकडे जात होतं. दोनदा तिने तीच ओळ वाचली. दहा छप्पन्नला तीन गल्ल्या भरल्या होत्या. वहीची चाळीसएक पानं झाली होती, दोनशेहून जास्त बाकी होती.

मुख्य ग्रंथपाल नकाशा न्यायला आले. पडद्याकडे बघत उभे राहिले.

"हे सकाळी नव्हतं."

"सकाळी मी इथे नव्हते, साहेब," मावशी म्हणाली आणि वही त्यांच्या हातात दिली.

त्यांनी उभ्या उभ्या दोन पानं वाचली. कार्ड कुणाच्या सहीने निघालं, एवढंच विचारलं. माझ्याच, मावशी म्हणाली. वही घेऊन ते बैठकीच्या खोलीत गेले, दोघींना बाहेर थांबायला सांगून.

अकरा पस्तीसला शाखेच्या दारातून एका वाचकाचा फोन आला. सातजण उभे आहेत, कधी उघडताय? मावशीने मुठीतली किल्ली पाहिली आणि थोड्या वेळाने फोन करते म्हणाली.

बैठकीचं दार तेव्हाही बंद होतं.