खाडीला नवं जीवन

"ताई, जरा हसून. पिशवी वर धर आणि कॅमेऱ्याकडे बघ," धाकटा भाऊ म्हणाला.

ताईने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. याच चिखलात उघडानागडा लोळून मोठा झालेला हा माणूस आता तेल कंपनीचा जनसंपर्क अधिकारी होता. चिखल उडू नये म्हणून त्याने बुटांवर प्लास्टिक चढवलं होतं.

गेल्या वर्षी कंपनीची तेलवाहिनी खाडीत फुटली. वरवरचं तेल कंपनीने उपसून नेलं, झुडपांच्या मुळाशी मुरलेलं तिथंच राहिलं. मोठे मासे दूर गेले. पिल्लं जाणार कुठे? ती वाढायलाच खाडीत येतात. तेव्हापासून ताईच्या जाळ्यात पाठीत वाकलेली, पोट फुगलेली, जागच्या जागी गरगरणारी पिल्लं येऊ लागली. तिने ती बरणीतून भावाला नेऊन दाखवली.

"जन्मतःच अशक्त असतील," असं म्हणून त्याने बरणी बेसिनमध्ये ओतली आणि साबणाने हात धुतले.

आज कंपनी खाडीला नवं जीवन देणार होती. त्यासाठी पाण्याच्या पिशव्यांतून माशांची विकतची पिल्लं आणली होती, मोठा फलक लावला होता, आणि फोटोत मासेमारी करणारी बाई हवी म्हणून सख्खी बहीण उभी केली होती.

"तळाशी तेल आहे अजून. काठीने ढवळून बघ," ताई म्हणाली.

"अगं, फोटो निघाला की झालं."

"पिल्लांचंही झालंच मग."

"तुला ना, चांगलं काही बघवतच नाही!"

"मग तूच सोड की."

भावाने पिशवी ओढून घेतली, काठाशी उकिडवा बसला आणि दात दाखवत पिल्लं ओतली. टाळ्या पडल्या, वाजवणारे सगळे कंपनीचेच. ओहोटीच्या पाण्यावर रंगीत तवंग हलला. पिल्लं पांगली. थोड्या वेळाने त्यातली काही कुशीवर कलली आणि वर येऊन तोंडं उघडू लागली.

"ए, ते नको घेऊस!" भाऊ कॅमेरावाल्यावर खेकसला.

त्याच्याशी आणखी बोलायचीही ताईला किळस आली. उरलेल्या पिशव्या तिने उचलून आपल्या होडीत ठेवल्या.

"कुठे नेतेस? कंपनीच्या आहेत त्या!"

"ये मग घ्यायला."

तो आला नाही. फोनवर कुणाला तरी, कार्यक्रम छान झाला, असं सांगत राहिला.

ओहोटीच्या उलट वल्हवताना तिचे खांदे भरून आले. तेल पोचलं नव्हतं त्या वळणावर ती थांबली. यातली काही पिल्लं ओहोटीबरोबर खाली तेलाकडे जाणार, हे तिला ठाऊक होतं. तरीही तिने घाई केली नाही; एकदम गार पाण्यात सोडली तर पिल्लं दगावतात. बंद पिशव्या पाण्यात टेकवल्या आणि आतलं पाणी बाहेरच्याइतकं गार होईपर्यंत त्या दोन्ही हातांनी धरून बसून राहिली.