सावलीतल्या मुंग्या

ऐका तरी! मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घेऊ की नको, असं तुम्हीच विचारलंत ना? मग सगळं सांगते, पण मधे बोलू नका, नाहीतर माझी गाडी भलतीकडेच जाते.

मालवणात मी आणि शेल्डन मिळून लग्नं शूट करतो, ते तुम्हाला माहीतच आहे. पाच वर्षं एकच छोटा कॅमेरा, डोक्यावर माइक कायमचा बसवलेला. धामापूरला एका हळदीला लाईट गेले आणि आमच्या व्हिडिओत नवरीच्या जागी नुसते वळवळणारे ठिपके, मुंग्याच मुंग्या! तेव्हाच ठरलं, आता मोठा घ्यायचा. मेमध्ये तो आला. शेल्डनने खोका असा उघडला जणू आत बाळ झोपलंय.

टेस्ट कुठे करायची? शेल्डन म्हणाला, "आमच्या वाडीतल्या क्रुसार." तिथे मेमध्ये संध्याकाळी लादीन असते. म्हणजे सगळे ख्रिश्चन शेजारी क्रुसाभोवती जमतात, मेणबत्त्या लावतात, प्रार्थना गातात आणि मग उकडलेले चणे खातात. अंधार पडत आलेला, उजेड फक्त मेणबत्त्यांचा. लो लाईट बघायला याहून भारी काय असणार!

आणि गाणारे म्हणजे शेल्डनचे वडील, आंतोन अंकल. हनुवटीखाली व्हायोलिन, वाजवता वाजवता गाणार. त्यांच्या वाडीच्या लादीनीची एक वेगळीच चाल आहे, अंकलना त्यांच्या वडिलांकडून आलेली. कागदावर कुठेच नाही. बाकीचे फक्त शेवटचा तुकडा उचलतात, मधलं सगळं अंकलच्या बोटांत. ते शेल्डनच्या मागे असायचे, "शिक रे, माझ्यानंतर कोण वाजवतलो?" आणि शेल्डनचं उत्तर ठरलेलं, "शिकतंय मा पपा, लग्नां संपांदेत."

तर आम्ही दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी लावले, एकच फ्रेम, म्हणजे तुलना नीट होते. नव्याची लेन्स पूर्ण उघडी, फोकस अंकलच्या डोळ्यांवर. त्याला स्वतःचा माइक नाही, वेगळा लावावा लागतो; तो लावलाच नाही. टेस्ट चित्राची होती, आवाज कशाला? मी पाच पाच मिनिटांनी मीटर बघतेय, त्वचेचा रंग बघतेय. अंकल वैतागले, "गो संचिता, फोटो काढतंस का एक्स-रे?"

"पपा, हलू नको," शेल्डन.

"हलल्याशिवाय व्हायोलिन वाजता काय रे, शाण्या?"

सगळे हसले. मग ते गायले, सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी अकरा मिनिटं त्यांच्याकडे बघत होते आणि खरं सांगू? मी एक ओळही ऐकली नाही. मी सावल्या बघत होते.

घरी येऊन दोन्ही क्लिपा मॉनिटरवर लावल्या, आवाज बंद करूनच. काय सांगू! नव्यात मेणबत्तीची ज्योत पांढरीफटक होऊन फाटली नाही, मागचा काळोख काळाच, कपाळाची एकेक सुरकुती वेगळी. आणि व्हायोलिनची दांडी, पुढची माणसं, सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. आम्ही अक्षरशः टाळ्या दिल्या. जुन्यात सावलीत मुंग्या. शेल्डन म्हणाला, "हो कचरो आता बंद." दोन दिवसांनी देवगडला बारसं होतं, कार्ड कमी होती. मी जुन्याचं कार्ड घेतलं आणि फॉर्मॅट केलं. त्याला विचारलंही नाही.

त्या लादीनीनंतर फक्त एकवीस दिवस. बाजारात बांगडे निवडताना अंकल खाली बसले, ते उठलेच नाहीत.

मातीच्या दिवशी कुणाला काही सुचत नव्हतं. तिसऱ्या दिवशी शेल्डनने नवी क्लिप लावली. पपांना जाऊन महिना होईल त्या दिवशीच्या प्रार्थनेला त्यांचीच चाल वाजवायची, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आवाज नसला तर नसला, त्याला व्हायोलिन थोडं येतं, बोटं बघून चाल काढता येईल. तो स्क्रीनच्या अगदी जवळ गेला. थांबवलं. मोठं केलं. पुढे नेलं, मागे आणलं.

बोटं नव्हतीच हो. बोटांच्या जागी धुकं. लेन्स आम्ही पूर्ण उघडली होती ना, मग फोकस असेल तेवढंच साफ, पुढचं-मागचं सगळं धूसर! डोळे धारदार आणि वीतभर पुढची बोटं लोणी.

मग तो एकदम उठला. "जुन्या कॅमेऱ्याचा कार्ड खंय आसा गो? त्यात सगळाच शार्प येता. आणि आवाज पण आसतलो!" त्याचा चेहरा इतका उजळला होता, की मला पळून जावंसं वाटलं.

मी म्हटलं, "मी फॉर्मॅट केलंय, शेल्डन. देवगडाक जाताना."

पुसलेलं परत काढून देणाऱ्या कुडाळच्या दुकानात कार्ड नेऊन बघितलं. बाहेर आलं ते बारसंच. पाळण्यातलं बाळ आणि त्याच्या आत्याचं गाणं, एकदम स्पष्ट.

तो मला ओरडला असता तर बरं झालं असतं. परत घरी येऊन त्याने क्लिप लावली आणि म्हणाला, "बघ गो, पपाच्या डोळ्यात मेणबत्ती दिसता. मोज. सात आसत." मी मोजल्या. सातच होत्या.

महिन्याची लादीन पावसामुळे घरातच झाली. सकाळी त्याचा फोन, "जुनो कॅमेरो हाड." मी नेला, कोपऱ्यात लावला, लेन्स बंद करत करत इतकी बारीक केली की भिंतीवरची खिळ्याची भोकंही फोकसमध्ये. माइक दोनदा तपासला. शेल्डनने पपांचं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. पहिली ओळ बरोबर वाजली, लहानपणापासून कानावर पडलेली. वाडीतली म्हातारी माणसं मान हलवायला लागली. दुसऱ्या ओळीला बोटं दांडीवर गेली आणि तिथेच राहिली. त्याने पुन्हा पहिली वाजवली. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा त्याने गज खाली घेतला. मग एका मावशीने हळूच गोव्याकडची, सगळ्यांना येणारी चाल धरली आणि सगळे गायले.

तुम्ही घेताय तर घ्या, नवा कॅमेरा चांगलाच आहे, मी खोटं कशाला बोलू. त्या दिवसाची जुन्यावरची क्लिप माझ्याकडे आहे. मुंग्या आहेत, पण बोटं दिसतात, आवाज आहे. ऐकायची असेल तर ऐकवते, अंकलच्या चालीची एकच ओळ आहे.