चौदाव्या गाठीवरचा हात

मी एक दोर बोलतोय. दोर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काथ्याचा, खानदानी, जहाजाबिहाजाला बांधलेला कुणी आला असेल, तर आधीच सांगतो, मी तसला नाही. मी नायलॉनचा, निळ्या रंगाचा. माझा जन्म वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे मशीनचा इतका खडखडाट चालायचा, की जन्मल्यावर मी रडलो असतो तरी कुणाला ऐकू गेलं नसतं.

तिथून मला धाकूने नेलं. धाकू म्हणजे कोलशेतचा कोळी. खाडीत त्याची लहानशी होडी होती आणि ती धक्क्याला बांधून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. बारा वर्षं मी भरती-ओहोटीचे हिसके खाल्ले, पण होडी सोडली नाही. एवढी बढाई मारायचा हक्क मला आहे.

धाकूची एक सवय होती. होडी सोडण्याआधी तो आतली माणसं कधी मोजायचा नाही. प्रत्येकाला नावाने हाक मारायचा. 'हाय' असं उत्तर आलं की पुढचं नाव. शेवटी स्वतःचं नाव घ्यायचा आणि स्वतःच 'हाय' म्हणायचा. त्याची नात दक्षता कधीकधी होडीत बसायला यायची. तिने एकदा विचारलं, इनमिन पाच माणसं, मोजून का नाही टाकत?

"मासली मोजाची गो," धाकू म्हणाला, "मानसांना हाक माराची."

पुढे धाकूचे गुडघे धरले, होडी गेली आणि मी पडवीत कपडे वाळत घालायला लागलो. भरतीच्या पाण्यात होडी धरणाऱ्याने टॉवेल आणि परकर धरायचे! असे दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत.

त्यातून मला दक्षतानेच सोडवलं. ती सोळा वर्षांची झाली होती, दहावीची परीक्षा देऊन मोकळी होती. ठाण्यात नीलाताई नावाच्या निवृत्त शिक्षिका दर मे महिन्यात लहान मुलांचं उन्हाळी शिबिर घ्यायच्या. मुलांना सांभाळायला मोठी माणसं नसत, सोळा-सतरा वर्षांची पोरंच असत. त्यांना आधी सहा रविवार शिकवायचं, मग एक चाचणी सहल काढायची, आणि जी पास होतील त्यांनाच 'ताई' किंवा 'दादा' म्हणायचं. तोवर नुसतं नाव. हा नीलाताईंचा नियम होता आणि त्यात त्या कुणाचीही गय करत नसत.

दक्षता नऊ वर्षांची असताना ह्याच शिबिरात गेली होती. तिच्या बोलण्यातल्या 'गो' आणि 'हाय'ला पोरं हसली, तेव्हा एका ताईने तिला जवळ बसवून घेतलं आणि सगळ्यांना तिच्याकडून खाडीतल्या माशांची नावं शिकायला लावली. त्या दिवसापासून दक्षताला ताई व्हायचं होतं. दुसरं काही नाही, फक्त ताई.

नीलाताईंना मुलं रांगेत न्यायला दोर हवा होता. दक्षताने मला नेलं. माझ्या अंगावर वीस गाठी मारल्या गेल्या, एका मुलाला एक गाठ. गाठी मारताना दुखतं, पण परकरांपेक्षा बरं, असं म्हणून मी गप्प बसलो.

वर्ग भरायचा वागळे इस्टेटमधल्याच एका रिकाम्या गाळ्यात. म्हणजे मी फिरून माहेरी आलो म्हणा ना! तिथे ताई-दादा व्हायला आलेली बारा पोरं काय काय शिकली. लहान मुलाशी बोलताना गुडघ्यावर बसायचं. रडणाऱ्याला 'रडू नकोस' म्हणायचं नाही, आधी पाणी द्यायचं. आईची आठवण येणाऱ्याला आईबद्दलच विचारायचं. अपूर्व नावाचा एक हुशार मुलगा रडक्या पोराचं सोंग इतकं मस्त वठवायचा, की एकदा खुद्द नीलाताईंनी त्याच्यासाठी रुमाल काढला. गळ्यात शिट्टी अडकवली की मात्र त्याच्या अंगात हवालदार संचारायचा.

सगळ्यात कडक नियम मोजणीचा. दर थांब्यावर मुलं मोजायची आणि कार्डावर आकडा लिहून सही करायची. वर्गात एकमेकांवर सराव करताना दक्षता मोजायची नाही, हाका मारायची. त्यात वेळ जायचा, बाकीचे खोळंबायचे. नीलाताईंनी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "दक्षता, ही होडी नाही. पुन्हा असं झालं तर मी तुला मुलांबरोबर पाठवू शकणार नाही." त्यानंतर ती मुकाट्याने मोजायला लागली. मला वाईट वाटलं, पण दोराला विचारतो कोण?

चाचणी सहल दोघादोघांची व्हायची; दक्षता आणि अपूर्वची टिटवाळ्याला होती. बसमधून उतरून आमराईपर्यंत चालत जायचं. वीस मुलं दक्षता आणि अपूर्वला त्याच सकाळी पहिल्यांदा भेटली होती. पुढे अपूर्व, मागे दक्षता, मध्ये मी. नीलाताई आमराईत थांबल्या होत्या.

वाटेत एका नळाशी सगळी पाणी प्यायला थांबली. मला जमिनीवर टाकलं, मग शिट्टी झाली आणि पुन्हा एकेक हात गाठींवर आला. दक्षताने मोजलं. वीस. कार्डावर लिहिलं, सही केली. रांग निघाली.

मला मात्र चौदाव्या गाठीवरचा हात अनोळखी लागला. सकाळपासून तिथे मितेशची मूठ होती. सहा वर्षांचा पोरगा, घट्ट धरायचा, घामेजलेला हात. आताचा हात गार होता आणि बर्फाच्या गोळ्याने चिकट झाला होता. मी सांगणार कसं? तेवढा एकदा मला आवाज हवा होता.

शे-दोनशे पावलांवर दक्षताचा पाय अडखळला. आकडा बरोबर होता, तरी तिचं मन लागेना. तिने अपूर्वला थांबायला सांगितलं.

"अगं वीस आहेत ना? मग झालं की," अपूर्व म्हणाला.

तिने ऐकलं नाही. कार्ड उलटं करून मागची यादी काढली, मुलांना 'हाय' म्हणायला सांगितलं आणि एकेक नाव घ्यायला लागली. मुलं 'हाय' म्हणायला लागली, मजा वाटून. चौदावं नाव मितेश. उत्तर आलं नाही. चौदाव्या गाठीला धरलेली चिमुरडी म्हणाली, "मी पायल." नळाशेजारच्या झाडाखाली एक कुटुंब डबा खात बसलं होतं, त्यांची ही मुलगी. निळा दोर दिसला, रिकामी गाठ दिसली, धरली आणि निघाली. तिचा काय दोष?

मुलं अपूर्वकडे सोपवून, पायलला कडेवर घेऊन दक्षता धावत सुटली. नळापाशी पायलची आई कावरीबावरी होऊन शोधत होती. तिच्या हातात मुलगी दिली. नळाच्या टाकीमागे मितेश बसला होता. चपलेचा अंगठा तुटला होता आणि सांगायची लाज वाटत होती, म्हणून चप्पल पोटाशी लपवून बसलेला. दक्षता गुडघ्यावर बसली. रागावली नाही. आधी पाणी दिलं.

त्याला घेऊन परत आल्यावर तिने माझ्या टोकाचा एक पीळ उसवून काढला आणि त्या पिळाने त्याची चप्पल बांधली. आयुष्यात मी पुष्कळ काही बांधलंय, पण ती चप्पल बांधल्याचा आनंद मला अजून आहे.

आमराईत पोचल्यावर अपूर्व हळूच म्हणाला, कार्डावर वीस लिहिलंय, मुलं वीस आहेत, कुणाला कळणार आहे? दक्षता सरळ नीलाताईंसमोर जाऊन उभी राहिली. सगळं सांगितलं. आपण आता ताई होणार नाही, हे ती धरूनच चालली होती. मी तिच्याच हातात होतो.

"मोजलं नव्हतंस?" नीलाताईंनी विचारलं.

"मोजलेलं. वीसच होते. पण आपले वीस नव्हते."

"हे लपवता आलं असतं तुला."

"हो. पण मग पुढच्या वेळी पण कुणीतरी नुसतं वीस मोजलं असतं."

नीलाताईंनी तिच्याकडून कार्ड घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "मोजायचा नियम माझा होता." आणि मुलांना जेवायला वाढायला निघून गेल्या. दक्षता दिवसभर कामं करत राहिली. डोळे पुसायला दोनदा आंब्याच्या झाडामागे गेली, ते मी पाहिलं.

संध्याकाळी बस सुटायच्या आधी नीलाताई दारात उभ्या राहिल्या. कार्ड हातात होतं, पण त्यांनी मोजलं नाही. एकेका मुलाचं नाव घेतलं. वीस वेळा 'हाय' आलं. मग त्या म्हणाल्या, "अपूर्वदादा." अपूर्व लाजत 'हाय' म्हणाला. मग म्हणाल्या, "दक्षताताई."

उत्तर नाही. मागच्या सीटवर मला गुंडाळत बसलेल्या दक्षताला ते आपलं नाव आहे हे कळलंच नाही. शेजारून मितेशनेच ओरडून सांगितलं, "ती हितं हाय!"

ह्या गोष्टीला सहा वर्षं झाली. आता तो वर्ग दक्षताताई घेते. आधी नावं, मग आकडा, असा नवा नियम आहे. उन्हाने माझा रंग उडालाय, हात लावला की अंगाची भुकटी पडते. मुलांसाठी कापडी मुठींचा नवा पट्टा आलाय. मी गाळ्यातल्या खिळ्यावर असतो. तक्रार नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. लेकरं मोजा, जरूर मोजा, पण आधी त्यांना हाक मारा.

दर वर्षी पहिल्या रविवारी ती नव्या पोरांची नावं घेते, मग स्वतःचं घेते. आणि शेवटी खिळ्याकडे बघून म्हणते, "दोर?" पोरं हसतात. मला बोलता येत नाही हे तिला ठाऊक आहे, म्हणून माझ्या वतीने तीच 'हाय' म्हणते.