पांढरी तबकडी

तळ्याचं पाणी किती नितळ आहे हे मोजायची रीत तशी साधी. ताटाएवढी पांढरी तबकडी दोरीला बांधून होडीच्या सावलीकडच्या बाजूने सोडायची. दिसेनाशी झाली की दोरीवरची गाठ मोजायची, वर ओढताना पुन्हा दिसली की तिथली मोजायची, आणि दोन्हींच्या मधला आकडा वहीत लिहायचा. जलसंशोधन केंद्रातले काका हे काम एकतीस वर्षं करत होते. दर मंगळवारी, भर दुपारी, अंगात ताप असला तरी. सोडताना म्हणायचे "गेली", ओढताना म्हणायचे "आली", जणू घरचंच कुणी जातंय-येतंय.

त्यांची लेक त्याच केंद्रात संशोधक. तळं वर्षागणिक गढूळ होत चाललंय, हा तिचा प्रबंध बापाच्याच आकड्यांवर उभा होता. त्याच्याच जोरावर नोकरी लागली. ती अजून कायम व्हायची होती.

मग केंद्राने पाण्यात यंत्र बसवलं. यंत्राच्या मते तळं नितळच होतं. संचालकांनी सहा महिने दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि एका सोमवारी लेकीला बोलावून थंडपणे सांगितलं की उद्या तबकडीऐवजी तेवढ्याच वजनाचा काळा लोखंडी ठोकळा बांधायचा. तिनेच बांधायचा, म्हणजे काकांना संशय येणार नाही.

दुसऱ्या दिवशी होडीत संचालकही येऊन बसले. ती म्हणाली, "द्या बाबा, आज मी बांधते."

काका असे हरखले की नावाड्याला दोनदा सांगून झालं, बघ, पोरीला अजून बापाची कामं येतात. दोरी सोडली. "गेली," ते म्हणाले. सावकाश ओढत आणली. "आली. लिही, दोन मीटर चाळीस."

संचालकांनी उरलेली दोरी ओढली आणि ओला ठोकळा काकांच्या मांडीवर ठेवला. "काय आलं, काका?"

नावाडी फिसकन हसला. त्याला कुणी गप्प केलं नाही. काकांनी ठोकळा चाचपला, मग वरची गाठ. देवाने निदान ती तरी दुसऱ्या कुणाच्या हातून बांधवून घ्यायची. लेकीची गाठ त्यांना बोटांनी ओळखू येत होती. त्यांनीच शिकवली होती.

संध्याकाळी तिघं कचेरीत बसले. तळं नव्हे, तुमचा डोळा गढूळ होत होता, असं संचालकांनी काकांना सांगितलं, आणि डोळ्यांत वडस वाढून नजर जात असताना गप्प का बसलात म्हणून विचारलं. होडीवरून उतरवतील म्हणून, काका म्हणाले. बाकी काही नाकारलं नाही. एवढंच मागितलं की नजर चांगली होती तेव्हाचे आकडे तरी राहू द्या.

"राहतील की. नजर कधीपासून गेली ते सांगा. पण तुमच्या शब्दावर नाही, घरच्या कुणाच्या तरी." संचालकांनी लेकीकडे पाहिलं. "आणि बाई, तुम्हाला माहीत असूनही तुम्ही प्रबंध लिहिला असेल, तर तेही आत्ताच कळू दे."

सात वर्षांपूर्वी बाबांनी चहा कपाबाहेर ओतला होता. तिने फडकं घेऊन पुसला. तेव्हापासून सुईत दोरा तीच ओवायची, औषधाच्या बाटलीवरचं तीच वाचून दाखवायची. सातच वर्षं वाया गेली होती. आधीची चोवीस खणखणीत होती.

"सांग ना, बाळ," काका म्हणाले. आवाजात भीती नव्हती. "चहा सांडला होता बघ."

ती संचालकांकडे वळली.

"मला काही कल्पना नव्हती, सर. सगळंच काढून टाका."

संचालकांनी संगणकाच्या पडद्यावरचा काकांच्या आकड्यांचा अख्खा रकाना निवडला आणि कळ दाबली. काकांना पडदा दिसत नव्हता. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"सगळी वर्षं गेली?"

उत्तर लेकीनेच दिलं. "गेली, बाबा."

काका खुर्चीत मागे टेकले. हात मांडीवर होते, आणि बोटं नसलेली दोरी ओढत होती.