तिसरं कडवं

"मोठा आ करा," म्हणत डॉक्टरांनी दिवा तिच्या तोंडावर ओढला आणि मागच्या कपाटावरच्या प्लेअरचं बटण कोपराने दाबलं. हातमोजे चढवले की ते बटणं कोपरानेच दाबत. आधी थोडी खरखर झाली, मग व्हायोलिन, आणि मग साहेबांचा आवाज खोलीत आला. तो नेहमी तसाच येई, आपण आलो म्हणजे बाकीच्यांनी गप्प बसायचं अशा बेताने.

"कुठे टोचतंय म्हणालात?"

तिने बोट उजव्या गालाकडे नेलं. मग, फारशी खात्री नसल्यासारखं, डावीकडेही.

"इथे काही नाही. इथेही नाही. मॅडम, आरशासारखे दात आहेत तुमचे. मागच्याच महिन्यात साफ केलेत."

"त्याच्या आधीच्या महिन्यातही," थुंकी ओढायची नळी धरून उभी असलेली मदतनीस म्हणाली. "आणखी घासले तर झिजतील."

तिला काहीच टोचत नव्हतं. ती चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचं काम करी. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवून "आता बरं दिसतंय, की आधी?" असं विचारायचं आणि ते सांगतील त्यावर विश्वास ठेवायचा. वय बावन्न झालं, तरी घरी ती अजून धाकटीच होती. पहिल्यांदा ती इथे आली ती खरोखर दात किडला म्हणून. दात भरून झाला आणि तिच्या लक्षात आलं की या दवाखान्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्या साहेबांची गाणी लागतात. तेव्हापासून तिच्या तोंडात दर महिन्याला काही ना काही निघत गेलं.

साहेब तिचे वडील. गेल्या वर्षी वारले. ती त्यांची मुलगी आहे हे इथे कुणाला ठाऊक नव्हतं. नवऱ्याचं आडनाव तिने लग्न मोडल्यावरही ठेवलं होतं आणि ते एवढ्या एका कामाला आलं होतं.

घरी ताई होती, आणि ताईच्या घरात साहेबांचं गाणं लागत नसे. फोनवर, कानात बोंडं घालून, गुपचूप ऐकता आलं असतं. पण ते ऐकणं झालं असतं. इथे ते कानावर पडत होतं. तोंड उघडं, मान मागे, बटण दुसऱ्याने दाबलेलं. उद्या कुणी जाब विचारलाच, तर उपचार चालू होता म्हणून सांगता आलं असतं.

गाणं चांगलं होतं. अडचण काय ती तेवढीच होती. दुसऱ्या ओळीला साहेब किंचित उशिरा येत, जणू विसरलेच, आणि मग एकच शब्द असा लांबवत की ताल स्वतः त्यांच्याकडे चालत येई. त्या ठिकाणी तिच्या पोटात दर वेळी लिफ्ट सुटल्यासारखं होई. माणूस वाईट आणि गाणंही टाकाऊ, अशी जोडी लागली असती तर किती जणांची सोय झाली असती.

"पाय बघा मॅडमचा," मदतनीस म्हणाली. "टोचतंय म्हणे."

तिने पायाचा अंगठा थांबवला.

"असू दे गं. गाणंच तसं आहे." डॉक्टर तिच्या दाढांवरून तपासायचा आकडा फिरवत होते, पण मन दुसरीकडेच होतं. "असं गायला आतून माणूस निर्मळ लागतो. आणि शिस्त काय! मी कॉलेजात होतो, हॉलमध्ये पाचव्या रांगेत. साहेबांनी नुकता सूर लावलेला, आणि कडेच्या खुर्चीवर एक बाई खोकायला लागली. थांबेचना. साहेबांनी गाणं बंद केलं, तिच्याकडे बोट केलं आणि म्हणाले, त्या बाईंना बाहेर न्या. बस्स. दोन पोरं आली, बाईंना धरून घेऊन गेली. अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मीपण. आणि त्यानंतर जे गायलेत! तुम्ही तिथे असायला हवं होतं."

ती तिथे होती. बारा वर्षांची, पडद्याच्या मागे, आईची शाल हातात घेऊन. खोकणारी बाई म्हणजे आई.

"दुखलं का? मान हलवू नका. थांबा, थांबा, आता पोरी येतात."

तिसरं कडवं आलं. डॉक्टरांनी आकडा तिच्या तोंडातच धरून ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे त्या रेकॉर्डचं वेष्टन चौकटीत लावलेलं होतं. मध्ये साहेब, दोन्ही बाजूंना दोन छोट्या मुली, सारख्या फ्रॉकमध्ये, माइकपुढे तोंडं उघडलेल्या.

"सख्ख्या मुली त्यांच्या. जाड आवाज मोठीचा. आणि हा बारीक... हा, ऐका... हा धाकटीचा. काळजात जातो हो. फोटोतसुद्धा बघा कशी प्राण ओतून गातेय."

फोटोतली मुलगी सात वर्षांची होती आणि गात नव्हती. सकाळी पहिल्याच ओळीला साहेबांनी तिच्याकडे पाहून डोळे मिटले होते, एखाद्याला आंबट लागावं तसे. मग सगळ्या वादकांसमोर, अगदी मऊ आवाजात म्हणाले होते, "आवाज काढू नकोस. नुसतं तोंड उघडं ठेव." मुली दोन असल्याचं जाहिरातीत आधीच छापून झालं होतं, म्हणून तिला माइकपुढून हलवता येत नव्हतं. बारीक आवाजही ताईचाच. तिच्याकडून दोनदा गाऊन घेतला होता.

"चूळ भरा," डॉक्टर म्हणाले. "काही नाही तुम्हाला. मनाचे खेळ."

*

ताईने बातमीदाराला चहा दिला आणि ती बोलायला बसली. कारण सभागृहाचं होतं. ज्या हॉलमधून आईला बाहेर नेलं, त्याच हॉलला साहेबांचं नाव द्यायचं ठरत होतं.

ताई सुरेल बोले. रागावली तरी सुरेलच. तिने सगळं क्रमाने सांगितलं. साथीदारांची बिदागी कशी अर्ध्यावर येई, व्हायोलिनवाल्याचं नाव दर वेळी छापायचं कसं राहून जाई, घरात खोकायचं असेल तर आई मोरीत जाऊन नळ कसा सोडी. शेवटी हॉल आणि टाळ्या. बातमीदार लिहिता लिहिता थांबला.

"आणि तुम्ही?" त्याने धाकटीला विचारलं. "तुम्हाला काही सांगायचंय?"

"तू नुसतं हो म्हण," ताई म्हणाली. "बाकी मी सांगितलंय."

धाकटी बशीकडे पाहत होती.

"ताई सांगते ते खरं आहे," ती म्हणाली.

बातमीदार गेल्यावर ताईने कप विसळायला घेतले.

"एवढं बोलायलासुद्धा तुझी जीभ जड."

"बोलले ना."

"बोललीस. उपकार झाले." ताईने नळ मोठा केला. "मी आईच्या मागे धावले त्या दिवशी. बाहेर पायरीवर बसलो होतो दोघी. शाल तुझ्याकडे, आणि तू कुठे? आत. गाणं संपेपर्यंत."

"मी बारा वर्षांची होते, ताई."

"मी काय साठ वर्षांची होते? सोळाची होते. आणि मला काय ते कळत नव्हतं? पायरीवरूनही ऐकू येत होतं. चांगलं गात होता तो माणूस त्या दिवशी." तिने कप उपडा घातला. "म्हणून तर जास्त राग येतो."

त्या घरात साहेबांच्या गाण्याला चांगलं म्हटलं गेलं ते तेवढंच एकदा, नळाच्या आवाजात.

रविवारी मुलाखत आली. ताईचा फोटो मोठा होता, चेहरा न्यायाधीशासारखा. शेवटी एक ओळ होती, धाकट्या कन्येनेही या हकिकतीला दुजोरा दिला. सभागृहाचं नाव बारगळलं. रेडिओवाल्यांनी सकाळचा कार्यक्रम बदलला. चष्म्याच्या दुकानाचा मालक साहेबांचा एवढा चाहता, पण त्याने गिऱ्हाइकांदेखत जाहीर केलं की आपल्याला पहिल्यापासूनच त्या आवाजात काहीतरी खटकत होतं.

"आता बरं दिसतंय," धाकटीने समोरच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "की आधी?"

"आधी," गिऱ्हाईक म्हणालं. "पण अक्षरं आता स्पष्ट आहेत."

*

पुढच्या महिन्यात तिची खालची दाढ ठणकायला लागली. या वेळी खरोखर. रात्रभर उशीवर गाल दाबून तिने सकाळ काढली आणि दवाखाना उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी राहिली.

भिंतीवर चौकटीच्या जागी हिरड्या कशा घासाव्यात याचा तक्ता लागला होता. तक्ता लहान होता, त्यामुळे जुन्या चौकटीची फिकट कड चारी बाजूंनी दिसत होती. प्लेअरमधून पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"धबधबा," मदतनीसने सांगितलं. "मन शांत होतं म्हणे. पेशंट सारखे उठून बाथरूमला जातात."

डॉक्टरांनी दाढेचा एक्स-रे फोटो दिव्यासमोर धरला.

"किडलीय. चांगली मुळापर्यंत. एवढ्या वेळा आलात, ही मला दिसली कशी नाही?"

"लक्ष गाण्यात," मदतनीस पुटपुटली.

डॉक्टरांनी ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, थोडा वेळ थांबले, दाढेवर आकड्याने टकटक केली. ती खुर्चीत उसळली.

"चढली नाही अजून. सूज आहे, अशा वेळी भूल नीट धरत नाही. आणखी देतो."

आणखी दिली. पुन्हा टकटक, पुन्हा उसळली. धबधबा चालूच होता.

"डॉक्टर," ती म्हणाली. ओठ अर्धा बधिर झाल्यामुळे शब्द घसरत होते. "ते लावा ना. साहेबांचं."

डॉक्टर मागे सरकले.

"तुम्ही वाचलं नाही वाटतं पेपरात?"

"वाचलं."

"मग? ती बाई त्यांची बायको होती, मॅडम. आजारी. आणि मी टाळ्या वाजवल्यात." त्यांनी आपले हातमोज्यांतले हात असे समोर धरले, जणू ते कुणीतरी सांभाळायला दिले होते. "चाळीस वर्षं मी हा किस्सा लोकांना ऐकवतोय. याच खुर्चीतल्या लोकांना. त्यांना उठूनही जाता येत नाही. सगळ्या रेकॉर्डी काढून टाकल्या मी. बायकोने एक ठेवली होती, तीसुद्धा नको म्हटलं. आता कुठे पहिला सूर आला तरी मी बंद करायला लावतो. माणूस असा निघाल्यावर त्याचं गाणं कसं ऐकवेल हो तुम्हाला?"

डॉक्टरांना गाणं सोडता आलं, हे तिने पाहिलं. चाळीस वर्षं एका रविवारी काढून कपाटाबाहेर ठेवता आली, आणि वर निर्मळ होता आलं.

"दुखतंय फार," ती म्हणाली. "ते असलं की कमी दुखतं मला. तेवढ्यापुरतं."

डॉक्टरांनी दाढेचा फोटो ट्रेमध्ये ठेवला. मग मदतनीसकडे वळले.

"तुझ्या फोनवर मिळेल का बघ."

"मिळेल की. मधे जाहिरात लागेल."

"लागू दे."

आधी पायमोज्यांची जाहिरात लागली. मग खरखर, मग व्हायोलिन. फोन हातरुमालाच्या घडीवर ठेवला होता, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. तरीही साहेब आले ते तसेच आले. डॉक्टरांनी जबडा आवळून ड्रिल चालू केलं. दुसऱ्या ओळीला साहेब उशिरा आले, शब्द लांबवला, आणि तिच्या पोटात लिफ्ट सुटली. दुखणं होतं तिथेच होतं. फक्त ते आता एकटं नव्हतं.

तिसऱ्या कडव्याच्या आधी डॉक्टरांनी ड्रिल थांबवलं. ते थांबवायचं त्यांच्या मनात नसावं. हात आपसूक थांबला.

"पोरी," ते हळूच म्हणाले. डोळे मास्कच्या वर ओले झाले होते. "त्यांचा काय दोष? ऐका धाकटीला. कसं गायली असेल बिचारी."

जाड आवाज आला. मग बारीक. खुर्चीतली धाकटी तोंड उघडं ठेवून, दिव्याकडे डोळे लावून पडली होती. तिच्या घशातून काहीतरी वर आलं. आधी नुसता श्वास, मग आवाज. नळीच्या फुरफुरीतून, बधिर जिभेवरून, ताईच्या दोन्ही आवाजांच्या किंचित खाली.

मदतनीसने दचकून नळी बाजूला केली.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

"मग आवाज काढू नका, मॅडम," डॉक्टर अगदी मऊपणे म्हणाले आणि पुन्हा वाकले. "माझा हात हलतो. नुसतं तोंड उघडं ठेवा."

कडवं अजून संपायचं होतं. तिने तोंड उघडं ठेवलं. खुर्चीच्या टोकाला पायाचा अंगठा तेवढा हलत राहिला.