पाच मिनिटांत पिशवी

हेडबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नव्हता. आईबापांविना परक्या घरी वाढणारी मुलं दर शनिवारी वाचनालयावरच्या हॉलमध्ये जमत, आणि बाई फुकट राबणाऱ्या चार-पाच मंडळींबरोबर त्यांना शिकवत, खाऊ घालत, प्रसंगी दमही देत.

त्या शनिवारी मॅनेजरसाहेबांच्या अंगात उत्साह संचारला होता. हे गृहस्थ आठवडाभर कंपनी सांभाळत आणि सुट्टीत समाजसेवा करत. मुलांना कणखर करायचं म्हणून त्यांनी एक खेळ शोधून काढला होता. मुलांनी घरून आपल्या वस्तू आणायच्या, टेबलावर मांडायच्या आणि शिट्टी वाजली की पाच मिनिटांत पिशवीत भरायच्या.

"समजा, आजच घर सोडावं लागलं, तर काय काय न्याल?" साहेबांनी हसतमुखानं विचारलं आणि शिट्टी फुंकली.

बाई चहा गाळायचा सोडून आतून बाहेर आल्या. मुलांनी वस्तूंना हातही लावला नव्हता, सगळ्यात धाकटा मुसमुसत होता. सगळे जिला खारूताई म्हणत, ती एकटी मात्र पिशवीची चेन लावून, बूट घालून दारात उभी होती. बारा वर्षांची पोर, कितीतरी घरं फिरून वर्षभरापूर्वी एका नर्सबाईंकडे आलेली.

"शाब्बास!" साहेबांनी टाळ्या पिटल्या. "याला म्हणतात कणखरपणा!" आणि त्यांनी तिच्या गळ्यात पदक घातलं.

तिनं पदकाकडे पाहिलंसुद्धा नाही. "गाडी खाली आलीय का?"

"अगं, खेळ आहे हा," बाई म्हणाल्या.

"मागच्या घरातून नेलं तेव्हा सहल आहे म्हणाले होते."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, स्वतःच्या मुलांना खेळवलात का हो हा खेळ?"

"बाई, मुलांसमोर नको…"

"मुलांसमोरच! ज्या एवढ्याशा जिवांना घराघरांतून उचललं, त्यांनाच तुम्ही घर सोडायचा सराव देताय? आणि वर पदक? अक्कल गहाण टाकली होती का?"

साहेबांचा चेहरा पडला. माणूस मनानं वाईट नव्हता, आणि त्याचाच बाईंना जास्त संताप आला. वाईट माणसाला निदान हाकलून तरी देता येतं. या खेळाला आपणही बिस्किटं मोजता मोजता मान डोलावली होती, हे आठवून त्यांना स्वतःचाही राग आला.

कितीही समजावलं तरी खारूताई दारातून हलेना. तेवढ्यात ड्यूटी संपवून नर्सबाई जिना चढून आल्या. पोर, बूट, पिशवी असं सगळं एकदम पाहून त्या जागीच थबकल्या.

"कुठे नेताय हिला? मला न विचारता?" त्या कडाडल्या.

कुणी काही बोलायच्या आत खारूताई खाली बसली आणि तिनं पिशवी उघडून त्यांच्यापुढे सरकवली.

"बघून घ्या, मावशी. तुमचं काहीच घेतलं नाही. टॉवेल तुमचा होता, तो टेबलावरच ठेवलाय."

 

नर्सबाईंनी टेबलावरचा टॉवेल उचलला, पिशवीत कोंबला आणि पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.

"चल."

"गाडीनं?"

"गाडी कशाला? मागच्या गल्लीत तर राहतो आपण. चालत जाऊ."