न फेकलेली कुबडी

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे. आधीच सांगून ठेवते, मला पाहून चेहरा पाडायचा नाही. रस्त्यातून जाताना लोक माझ्याकडे बघतात आणि चुकचुकतात. त्या चुकचुकण्याचा मला मनस्वी राग येतो. मी दुःखाची वस्तू नाही, कामाची वस्तू आहे.

माझा जन्म जुन्नरच्या पेठेतला. तिथे सलीमभाईंचं सुतारकामाचं दुकान आहे. एका मोडक्या बैलगाडीची सागवानी दांडी त्यांच्याकडे पडून होती, तिच्यातून त्यांनी मला घडवलं. वृषालीताई दुकानात आल्या तेव्हा त्यांच्याकडे दवाखान्यातून मिळालेली चकचकीत कुबडी होती. ती बया फरशीवर ऐटीत चालायची, पण भातखाचरांच्या बांधावर तिचं टोक रुतून बसायचं.

"सलीमभाई, चिखलात चालंल अशी करून द्या," ताई म्हणाल्या.

"ताई, चिखलात जायचंच कशाला? जरा आराम करा की."

"आराम करायला मी काय पावणी आलीय व्हय?"

सलीमभाई हसले आणि त्यांनी माझ्या पायाला जुन्या टायरचा रुंद तळवा ठोकला. त्यांच्या बेगम सायराबानूंनी मऊ सुती कापडाची उशी शिवून माझ्या माथ्यावर बसवली. दिसायला मी जाडजूड झाले खरी, पण कुठेही रोवा, ढळायची नाही.

वृषालीताई आंबेगावच्या डोंगरात मिशनच्या दवाखान्यात नर्स आहेत. त्यांचे यजमान सयाजीराव तिथल्याच लहानशा चर्चचे पाळक. रविवारी उपासना आणि बाकीचे दिवस वाड्यावस्त्यांवर फिरायचं, असा या घराचा रिवाज. सयाजीराव मोटारसायकल चालवायचे आणि ताई मांडीवर औषधांची पेटी घेऊन मागे बसायच्या. एकदा घाटातल्या वळणावर गाडी घसरली. सयाजीरावांना नुसतं खरचटलं, ताईंच्या गुडघ्याचा मात्र चुरा झाला. ऑपरेशनं झाली, महिने गेले आणि शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हा पाय आता अंगाचा भार घेणार नाही.

ताई रडायचं तेवढं रडल्या आणि मग सलीमभाईंकडे आल्या. सयाजीरावांना मात्र ते पचेना. गाडी त्यांच्या हातात होती ना! त्यांनी मोटारसायकलवर ताडपत्री टाकली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. मला तर ते पाहूनही न पाहिल्यासारखं करायचे. घरी कुणी आलं की मला उचलून दाराआड ठेवायचे. माझा जीव तिथे नुसता धुमसायचा. सासूबाई अंबाबाईंनी उपास धरले. घरात एकच प्रार्थना चालायची, हा पाय बरा होऊ दे. ताई डोळे मिटून बसायच्या, पण 'आमेन' म्हणताना त्यांचा आवाज ऐकू यायचा नाही.

आमचं काम मात्र सुरू होतं. वरच्या वाडीवर गोजरबाईंची सून पोटुशी होती. जीप जाईल तिथवर जीपने आणि पुढे पायवाटेने आम्ही तिला तपासायला जायचो. मी आधी, ताई मागून. "बाई, तुमी येताय तवर आमाला घोर न्हाई," गोजरबाई म्हणायच्या. तिथून घरी परतताना ताई गुणगुणत चालायच्या.

आणि मग सयाजीरावांनी लांबून एक प्रवचनकार बोलावले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला की आजारी बरे होतात, अशी त्यांची ख्याती होती. चर्चच्या अंगणात मांडव पडला. आमच्याकडे साक्ष देण्याची रीत आहे. देवाने आपलं काय भलं केलं, ते चार लोकांसमोर उभं राहून सांगायचं. ताईंनी कोणती साक्ष द्यायची, हे पाहुण्यांनी मनात पक्कं करूनच ठेवलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता.

त्यांनी कळवळून प्रार्थना केली. मग म्हणाले, "भगिनी, विश्वास ठेव आणि ही कुबडी टाकून दे." ताई काही बोलायच्या आत त्यांनी मला काखेतून ओढलं आणि उंच धरलं. टाळ्या सुरू झाल्या. अंबाबाई पदराने डोळे पुसू लागल्या. वरून मला सगळं दिसत होतं. ताईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती आणि त्यांचा चांगला पाय लटपटत होता. चालल्या तर पडणार, नाही चालल्या तर लोक म्हणणार की हिचा विश्वास कमी पडला.

ताईंनी माइक मागून घेतला.

"माझा पाय गेलाय, विश्वास नाय गेला," त्या म्हणाल्या. "देव मला ह्या कुबडीवर चालवतोय, हीच माझी साक्ष. आता ती मला द्या. उद्या गोजरबाईच्या सुनंला तपासायला जायचंय."

"भगिनी, शंका धरू नकोस."

"शंका नाय, पावणं. कुबडी द्या."

तेव्हा पुढच्या रांगेतून सयाजीराव उठले. त्यांनी पाहुण्यांच्या हातून मला घेतलं आणि ताईंच्या काखेत नीट बसवलं.

"वृषाली, गाडी मी चालवत व्हतो," ते म्हणाले.

"ठाऊक हाये. मी मागंच बसले व्हते," ताई म्हणाल्या. "अहो, तुमाला मी कवाच माफ केलंय. त्यासाठी पाय बरा व्हायची वाट कशाला बघताय?"

सयाजीराव सगळ्यांसमोर रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताडपत्री काढली आणि मोटारसायकल पुसून दारात आणली. ताई मागे बसल्या, मला आडवं धरलं आणि म्हणाल्या, "चला, उशीर व्हतोय." घाटातलं ते वळण आलं तेव्हा सयाजीरावांनी गाडी अगदी हळू केली. ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वळण मागे पडलं आणि आम्ही वाडीच्या पायवाटेशी पोहोचलो.

आता मी जुनी झाले आहे. माझा तळवा सलीमभाईंनी कितीदा तरी बदलला, उशीही विरली आहे. मी झिजले ती चालून झिजले, कोपऱ्यात पडून नाही. मित्रांनो, कुणाच्या काखेत माझ्यासारखी दिसली तर तिला ओढू नका आणि ती टाकून दे असा उपदेशही करू नका. टाकायची की ठेवायची, हे ज्याचा भार तिच्यावर आहे त्यानं ठरवावं. तुम्ही फार तर तेलाचं बोट फिरवा आणि वाट सोडा.

हल्ली घरी कितीही मोठा पाहुणा आला तरी सयाजीराव मला दारातच उभी करतात. आत्ताही मी तिथेच आहे. ताई चपला घालताहेत आणि वरची वाडी आज अजून बाकी आहे.